बिअर न पिणाऱ्या काकाजींची मशीन

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळं ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे अंदाजानंच लिहिते. अक्षर तर असं, की किराण्याची यादी दिली तर दुकानदार मलाच वाचायला लावतो. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण कोणाच्या हाती लागलीच तर चुका पाहू नका, माणूस पाहा. त्या माणसासाठीच लिहून राहिले.

काकाजी तापलेल्या भांड्याला उलट्या हाताची बोटं लावायचे, चटकन काढायचे आणि डोळे मिटून आकडा सांगायचे. "चौसष्ट." मग गरमीचं मीटर पाहायचे. मीटरवर चौसष्ट असलं की मान हलवायचे, पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर हलवतात तशी. मीटरवर दुसरंच काही असलं तर स्वतःची बोटं नाही, मीटर तपासायला घ्यायचे. "खोटं बोलून राहिलं लेकाचं." आणि पुष्कळ वेळा मीटरच बिघडलेलं निघायचं.

अमरावतीच्या राजापेठेत, ट्यूशन क्लासेसच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड. सारी नोकरी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून झालेली. सरकीच्या धुळीत राहून खोकला कायमचा जडला होता. मी त्यांच्याकडं भांडी आणि झाडू-पोछा करायची. पहिल्या दिवशी गेले तेव्हा गॅसवरचं दूध वर आलं आणि कुठूनतरी सायकलची घंटी वाजली. मी घाबरून मागं सरले. काकू म्हणाल्या, "भेऊ नको व. यायनं दुधाले घंटी बसवली. मले मात्र एक नवं पातेलं नाही आणून देत."

तुळशीला पाणी आपोआप पडायचं. पाण्याची टाकी भरली की दिवा लागायचा. दाराची कडी आतल्या खोलीतून दोरी ओढून निघायची, पण ती दोरी काकूंच्या गळ्यात दोनदा अडकली, म्हणून ती काढून टाकावी लागली. एखादी वस्तू बंद पडली की त्यांचा चेहरा उजळायचा. बाही वर सारायचे आणि म्हणायचे, "पाहू तं खरं, कावून होत नाही!"

बिअरचं खूळ पुण्याच्या भाच्यामुळं शिरलं. भाचा तिकडं एका परवाना असलेल्या ठिकाणी कामाला. तिथं बिअर बनवतात. दिवाळीला आला तेव्हा सांगू लागला, की आपोआप बिअर करणारी मशीन बाहेरच्या देशातून येते, लाखांच्या खाली नाही.

"त्यात हाय काय एवढं?" काकाजींनी विचारलं.

"मामा, जव एका ठरलेल्या गरमीवर तासभर ठेवावे लागतात. एक डिग्री इकडं-तिकडं झाली की चव गेली."

"एवढंच?"

"एवढंच म्हणता? करून दाखवा तुम्ही."

भाचा हसला, फराळ करून पुण्याला गेला. जाताना जुनं मीटर, पंप असं काही घ्यायला थोडे पैसे ठेवून गेला, गमतीगमतीत. काकाजींनी मात्र गंमत मानली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर शेडमधली सायकल बाहेर अंगणात आणि आत दोन मोठे स्टीलचे गंज, म्हणजे उभी पातेली, मांडलेले.

काकाजींना शुगर होती. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. सुपारीसुद्धा खायचे नाहीत. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, पिनार कोन ते?"

"प्यायले नाही करून राहिलो. होते का नाही ते पाहून राहिलो."

मला दारूची भीती वाटायची. काकाजींना ते माझ्या तोंडावरून समजलं असावं. मला शेडमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "हे पाह्य कुसुम. परवाना नाही तं घरी बिअर करता येत नाही, मले माहीत हाय. जव गरम पान्यात भिजवले का गोड पानी निघते. लेकरालेबी पाजता येते. त्यात यीस्ट पडलं का मंग बिअर. कायदा त्या चमचाभर यीस्टात हाय. आपुन गोड पान्यापर्यंतच जाऊ."

एवढं समजावून मला कोणी काही सांगितलं नव्हतं. कामाच्या घरी लोक 'हे कर, ते ठेव' एवढंच बोलतात.

मशीन म्हणजे काय, तेही सांगते. एका गंजात पाणी तापवायचं. त्याला गिझरची कॉइल बसवली. दुसऱ्यात जाळीवर जव. ऊन पाणी पंपानं वर चढायचं, जवांतून झिरपून खाली यायचं, परत वर चढायचं. असं तासभर, सहासष्ट डिग्रीवर. मग ते गोड पाणी उकळायचं आणि जुन्या फ्रीजच्या तांब्याच्या नळीतून थंड करायचं. हे सगळं हात न लावता व्हायला पाहिजे. हुकूम देणारा भाग होता काकाजींचा फॅक्टरीतला जेवणाचा डबा. तीन कप्प्यांचा. वरच्या कप्प्यात बटणं, मधल्यात तारा, खालच्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. मीटर त्याच्या झाकणाला चिकटवलेलं.

जवाला मोड आणायचे होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. तीनदा जव आंबले. शेडमध्ये वास सुटला. मी पोछा मारता मारता पाहत होते. बोलू की नको, असं दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी बोलले, "काकाजी, बादलीत बुडवून नाही ठेवत. पोत्यात बांधून ठेवतात. वरून शिंपडतात. दिवसातून दोनदा हलवतात, नाही तं मधातले तापतात."

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "तुले कसं माहीत?"

"लेकरांसाठी ज्वारीचं सत्त्व करतो आमी."

"मंग तीन वेळा मी नास करत होतो, तवा कावून नाही बोलली?"

मी खाली पाहिलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आता मोडाचं खातं तुह्याकडं."

थंडीचे दिवस होते, मोड चांगले आले. गच्चीवर वाळवले, हातानं चोळून शेपट्या काढल्या, सुपानं पाखडले. काकाजींनी एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "गोड!" मला घरी जाईपर्यंत तोच एक शब्द ऐकू येत होता.

आता चुकीचं लिहिते. ती माझी चूक होती.

जव दळायला मी चक्कीवर नेले. चक्कीवर गर्दी. डबा ठेवला. जाडं दळायचं की बारीक, हे चक्कीवाल्याला सांगायचं असतं. पण चार-पाच बाप्ये उभे होते, मी पदर सावरून कोपऱ्यात राहिले. चक्कीवाल्याला वाटलं, बाई आली म्हणजे भाकरीचंच दळण. त्यानं ज्वारीसारखं बारीक पीठ काढलं. मी पीठ पाहिलं, मनात आलं की हे जरा जास्तच बारीक आहे. तरी काही न बोलता डबा उचलून आणला.

दुपारी काकाजींनी मशीन सुरू केली. पाणी वर चढलं, दहा मिनिटं सगळं बरोबर चाललं. मग पंप घरघरला आणि थांबला. जळका वास आला. झाकण काढलं तर आत पिठलं! नळीत पिठलं, पंपात पिठलं, कॉइलवर करपलेलं पिठलं.

काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "वरून फोडणी टाकू का?"

काकाजींनी पंप खोलला. बोटांनी पीठ चाचपलं. मला विचारलं, "दळन कसं सांगतलं होतं?"

"काहीच नाही सांगतलं."

मला वाटलं, आता कामावरून काढतात. पण ते म्हणाले, "मीबी तं तुले सांगतलं नव्हतं, भरड काढून आन म्हनून. जाऊ दे. पाहू तं खरं, किती जळलं."

सगळंच जळलं होतं. उकळतं पाणी सहन करणारा पंप साधा नसतो, अकोल्याहून मागवावा लागतो. कॉइल वेगळी. भाच्याचे पैसे संपले होते. काकूंनी औषधाच्या पैशांना हात लावू दिला नाही आणि ते बरोबरच होतं. काकाजींनी शेडचं दार लावून टाकलं. दहा-बारा दिवस ते ओट्यावर पेपर वाचत बसले. दुधाची घंटी बिघडली, तरी उठले नाहीत.

मी आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटात होते. सहा वर्षांत मीटिंगमध्ये एकदाही तोंड उघडलं नव्हतं. हप्ता द्यायचा, सही करायची, मागच्या रांगेत बसायचं. पण माझा हप्ता कधी चुकला नव्हता, म्हणून मागितलं तर कर्ज मिळणार होतं. मी बारा हजार मागितले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कशाले?"

अध्यक्षबाईंचं नाक्यावर भाजीचं दुकान. दोन वर्षांपूर्वी वस्तीतलं दारूचं दुकान बंद करायला त्या सगळ्या बायांना घेऊन उन्हात बसल्या होत्या. मीही बसले होते. त्यांच्यापुढं बिअर हा शब्द कसा काढणार? मी म्हणाले, "शिलाई मशीन."

त्यांनी वहीत तसं लिहिलं. मी सही केली.

काकाजी पैसे घ्यायला तयार नव्हते. मी ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "पंप माह्यानं जळला." इतकं सरळ मी कोणाशी बोलत नाही. त्यांनी पैसे उचलले, पण आधी काकूंना बोलावून त्यांच्यासमोर मोजले. म्हणाले, "हे कुसुमचे बारा हजार. मी फेडनार. तू साक्षीदार." काकू म्हणाल्या, "या घरात पहिले अक्कल आनायले पाहिजे होती उसनी." पण रात्रीची शिळी पोळी नाही, ताजी भाजी-पोळी त्यांनी त्या दिवशी मला वाढली.

नवा पंप आला. यावेळी मी चक्कीवर मोठ्यानं सांगितलं, "भरड पाहिजे. दाना दोन-तीन तुकडे झाला पाहिजे, पीठ नको." चक्कीवाला म्हणाला, "कोंबड्या पाळल्या काय?" मी म्हणाले, "हो."

ती दुपार मी विसरणार नाही. पाणी चढलं, झिरपलं, परत चढलं. सहासष्ट. मध्येच लाईट गेली. काकाजी जागेवरून हलले नाहीत. वीस मिनिटांनी लाईट आली आणि मशीन जिथं थांबली होती तिथूनच पुढं सुरू झाली. पहिल्यापासून नाही. भाच्याच्या लाखाच्या मशीनला हे येत नाही म्हणे. पुढं आपोआप उकळलं, आपोआप थंड झालं. काकाजी खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"कुसुम," ते म्हणाले, "आता मले काही कामच नाही राह्यलं."

आनंदानं म्हणाले की कसं, हे मला आजही सांगता येत नाही.

गोड पाण्यापर्यंतच जायचं ठरलं होतं. पण पुढच्या आठवड्यात गेले तर शेडमध्ये दुधाची कॅन झाकण लावून ठेवलेली, झाकणातून नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडालेली. बाटलीत बुडबुडे येत होते. तेच म्हणाले, "भाच्यानं आनून देल्लं यीस्ट. एकडावच. शेवटपर्यंत गेलं नाही तं मशीन झाली असं कसं म्हनू?" मला ते आवडलं नाही. तेही माझ्याकडं न पाहताच बोलले होते.

वास गल्लीत गेला. गटातली एक बाई त्याच गल्लीत भांडी करायची. तिनं अध्यक्षबाईंना सांगितलं. अध्यक्षबाई मला नाक्यावर भेटल्या. वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "काय व कुसुम, ब्लाउज शिवायचा होता. तुही शिलाई मशीन कुठं हाय, पाहू तं दे."

हातातली पिशवी मी खाली ठेवली. मी सांगून टाकलं. त्यांच्याशी खोटं एकदाच बोलले होते, दुसऱ्यांदा जमलं नाही.

संध्याकाळी सात बाया काकाजींच्या दारात. काकूंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. अध्यक्षबाई उभ्याच राहिल्या.

"काका, तुमच्या वयाचा मान ठेवते. इथं दारू हाय काय?"

काकूंनी तोंड उघडायच्या आत काकाजी म्हणाले, "हाय. मांग शेडमंदी. दहा लिटर."

"विकता?"

"नाही."

"पिता?"

"शुगर हाय मले."

काकाजी उठले, शेडमध्ये गेले, आम्ही सगळ्या मागं. त्यांनी कॅन उचलून मोरीपाशी आणली. झाकण काढलं. आता ओतणार, तेवढ्यात थांबले. "एक मिनिट थांबा बाप्पा. मोजू द्या." काचेच्या उंच भांड्यात थोडी घेतली, तिच्यात दारूचा जोर मोजायची तरंगणारी काडी सोडली, चष्मा वर करून आकडा पाहिला, खिशातल्या वहीत लिहिला. सात बाया माना वाकवून काडीकडं पाहत होत्या. मग सगळी कॅन मोरीत पालथी केली. फेस चढला, उतरला. त्यांनी वरून दोन बादल्या पाणी टाकलं.

"परत नाही होनार," ते म्हणाले. "चूक माही हाय. आन पैसे तिनं माह्यासाठी घेतले, पंप जळला म्हनून. तिले बोलू नका, मले बोला."

अध्यक्षबाई मलाच बोलल्या. तेही बरोबरच होतं. "उन्हात बसली होती ना व आमच्यासंगं? आन गटाच्या पैशावर हे?" ठरलं असं, की पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेच्या मीटिंगपर्यंत सगळे पैसे परत आले पाहिजेत. एक रुपया राहिला तर माझं नाव गटातून कमी. गटात नाव नसेल तर आमच्यासारखीला अडीनडीला कोण उभं करतं? माझ्याजवळ तेवढंच एक होतं, की कुसुमचा हप्ता चुकत नाही.

काकाजींनी भाच्याला फोन लावला. काडीचा आकडा सांगितला. भाचा दोन दिवसांनी म्हणाला, गंज आणि कॅन आमच्याकडं आहेत, तुमचा हुकूम देणारा डबा तेवढा पाठवा, आमचे मालक विकत घेतात. जेवणाच्या डब्याचे पाच हजार आले. काकू म्हणाल्या, "लाखाची गोठ करत होता, पाचावर आला." काकाजींनी ते पाचही हजार माझ्या हातावर ठेवले.

बाकीसाठी त्यांनी शेडमध्ये टेबल मांडलं. अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. होळी झाली की घराघरातले कूलर खाली उतरतात आणि निम्म्यांच्या मोटारी अडकलेल्या निघतात. काकाजी कूलरचे पंप, मोटारी, पंखे दुरुस्त करू लागले. सत्तरीला आलेला माणूस खोकत खोकत वाकून तांब्याची तार गुंडाळायचा. मी म्हणायची, राहू द्या, मी फेडीन. "तू कायले? पंप मी घेतला." मग मीच भांडी झाल्यावर जवळ बसू लागले. वेढे मोजायचं काम मला दिलं. मग खोलायचं. मग बांधायचं. मी बांधलेली पहिली मोटर त्यांनी सुरू केली, उलट्या हाताची बोटं लावली आणि म्हणाले, "थंडी हाय. पास."

दर मीटिंगच्या आदल्या दिवशी ते पैसे द्यायचे, कधी पाचशे, कधी तीनशे. पावसाळ्यात कूलर बंद झाले तेव्हा मिक्सर आणले. एकदा अकोल्याला जाऊन जुन्या ओळखीच्या माणसाकडून भंगारातली तार उचलून आणली, एसटीच्या टपावरून.

थंडीत त्यांचा खोकला छातीत उतरला. आठ दिवस दवाखान्यात होते. मी डबा घेऊन जायची. बोलता येत नव्हतं, तरी खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या मीटरकडं पाहून भुवया उडवायचे. नवव्या दिवशी काकाजी गेले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. साडेतीन हजार राहिले होते. त्या म्हणाल्या, "गंज विकते. यायनं शब्द देल्ला होता."

मी म्हणाले, "गंज राहू द्या काकू. मले टेबल द्या."

होळीनंतर मी शेडचं दार उघडलं. पहिला कूलर घेऊन आलेला माणूस मला पाहून म्हणाला, "काका कुठं गेले? बाई करनार काय हे?" मी म्हणाले, "करीन. संध्याकाळी न्या. अडीचशे होतील." भाव सांगताना मान खाली घातली नाही. त्यानं वळून पाहिलं, पण कूलर ठेवून गेला. संध्याकाळी मोटर चालली. दुसऱ्या दिवशी त्याचा शेजारी आला. काकू बाजूला बसून ओरडायच्या, "शंभर कमी कर म्हनते हा, ऐकू नको व!"

अक्षय तृतीयेला अध्यक्षबाईंच्या अंगणात मीटिंग होती. मी पैसे पुढं ठेवले. त्यांनी मोजले. लिहायला वही ओढली, तेव्हा मी उभी राहिले. गटात मी कधी उभी राहिले नव्हते.

"ताई, वहीत शिलाई मशीन लिहिलं हाय. ते मी खोटं सांगतलं होतं. ते बदला."

"मंग काय लिहू? बिअरची मशीन?" बाया हसल्या. "गटाच्या वहीत बिअर पाह्यली तं बँकेचा साहेब चक्कर येऊन पडन."

"पंप लिहा," मी म्हणाले. "पंपच घेतला होता."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग 'शिलाई मशीन' खोडून त्यावर 'पंप' लिहिलं, नोटा पुन्हा एकदा मोजून पेटीत टाकल्या आणि माझ्या नावापुढं लिहिलं, पूर्ण फेड, बाकी काही नाही.